माजी मंत्र्यावर वंशसंहाराचा खटला: तालुक्याच्या गावी अभिरूप न्यायालय कसं भरवायचं

वकिलीच्या अभ्यासक्रमात अभिरूप न्यायालय, म्हणजे सरावासाठी लुटुपुटीचा खटला, भरवावं लागतं आणि आमच्या ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात त्यासाठी तेच ते विषय निघतात. धुऱ्याचं भांडण, वाटणीचा दावा, न वटलेला धनादेश, फार तर एखादा खून. त्यात वाईट काही नाही, पुढे पोट त्यावरच भरायचं आहे. पण एकदा तरी मोठा खटला हाताळून पाहावा, आणि माझ्या मते त्यासाठी माजी मंत्र्यावरच्या वंशसंहाराच्या खटल्याइतकं चांगलं प्रकरण नाही. भयंकर गुन्हा घडला हे दाखवणं फारसं अवघड नसतं. आरोपी मंत्री होता हे तर एका राजपत्राने सिद्ध होतं. अवघड असतो तो या दोहोंमधला पूल. राजधानीतल्या खुर्चीपासून एका विशिष्ट गावातल्या विशिष्ट रात्रीपर्यंत तो बांधता आला तर खटला, नाही तर नुसतं भाषण.

हा लेख शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि असा उपक्रम घेऊ पाहणाऱ्या गावच्या वाचनालयांसाठी आहे. पंधरा-वीस जण, एक सभागृह आणि दोन दिवस एवढं पुरतं. वेळ जानेवारीतली धरा. धानाची मळणी आटोपलेली असते, कापूसवाल्या भागातही मोठी वेचणी उरकत आलेली असते आणि परीक्षा अजून लांब असतात. फक्त तो मंडईचा, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रांचा, आणि झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम आहे. माइकवाला रात्री मिळणार नाही, काम दिवसा उरकावं लागेल.

खटला निवडताना

पहिला नियम: आपल्याकडचा कोणताही माजी मंत्री घेऊ नका, ‘काल्पनिक’ म्हणूनही नाही. नाव कितीही बदललं तरी दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ते नेमकं ओळखलं जातं. मग सभागृहाची किल्ली सापडेनाशी होते. शिवाय ज्याचा निकाल लागलेला नाही असं प्रकरण घेतलं की मुलं पुरावा वाचत नाहीत, मतं मांडतात.

निकाल लागलेला, कागद उपलब्ध असलेला आणि अपिलापर्यंत गेलेला खटला घ्या. मी सुचवीन तो रवांडाचा बुतारे खटला; बुतारे हा तिथला एक प्रांत. मुख्य आरोपी पोलीन न्यिरामासुहुको, १९९४ मधल्या सरकारातल्या कुटुंबकल्याण आणि महिला विकास खात्याच्या मंत्री. मूळच्या समाजसेविका, नंतर कायदा शिकलेल्या. वंशसंहाराबद्दल एखाद्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवलेल्या त्या पहिल्या महिला. त्यांच्यासोबत त्यांचा मुलगा आर्सेन शालोम न्ताहोबाली, बुतारेचे दोन माजी प्रीफेक्ट आणि दोन माजी बर्गमास्टर, असे एकूण सहा आरोपी होते. प्रीफेक्ट म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हाधिकारी. बर्गमास्टर हा कम्यून नावाच्या त्याखालच्या विभागाचा प्रमुख. एवढं सांगितलं की गावातल्या प्रेक्षकाला उतरंड कळते.

पार्श्वभूमी थोडक्यात फलकावर लिहून ठेवा. ६ एप्रिल १९९४ च्या रात्री राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं, ९ एप्रिलला हंगामी सरकारने शपथ घेतली, आणि जुलैच्या मध्यापर्यंत सुमारे ८ लाख माणसं मारली गेली. त्यांतली बहुतेक तुत्सी या तिथल्या अल्पसंख्य समाजातली होती. मारेकऱ्यांत सैनिक होते, ‘इंटरहाम्वे’ नावाची राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाची टोळी होती आणि शेजारीही होते.

कोणत्या न्यायालयात?

इथे हमखास गोंधळ होतो. हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय फक्त देशांमधले वाद ऐकतं. बोस्नियाने सर्बियावर लावलेला आणि २००७ मध्ये निकाल लागलेला दावा तिथला. माणसाला पिंजऱ्यात उभं करण्याचा अधिकार त्याला नाही. तो अधिकार हेगमधल्याच दुसऱ्या न्यायालयाला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला आहे. पण त्याची कायदेशीर हद्द १ जुलै २००२ पासून सुरू होते, त्याआधीचे गुन्हे त्याला चालत नाहीत. सदस्य देशाची मागणी, सुरक्षा परिषदेचा ठराव किंवा अभियोक्त्याने, म्हणजे तिथल्या सरकारी वकिलाने, न्यायाधीशांच्या परवानगीने स्वतः घेतलेला पुढाकार, अशा तीन वाटांनीच प्रकरण तिथे पोहोचतं. पीडिताला थेट फिर्याद लावता येत नाही. माहिती पाठवता येते, ती मात्र कोणालाही.

रवांडासाठी म्हणून सुरक्षा परिषदेने ८ नोव्हेंबर १९९४ रोजी ठराव क्रमांक ९५५ करून वेगळं न्यायाधिकरण उभारलं. बैठक टांझानियातल्या अरुशा गावी, हद्द फक्त १९९४ या वर्षातल्या गुन्ह्यांपुरती. त्या ठरावाच्या विरोधात एकच मत पडलं, तेही खुद्द रवांडाचं. इथे फाशीची तरतूद नाही हे त्यामागचं एक कारण होतं. हा तपशील मुलांना जरूर सांगा, शिक्षेच्या युक्तिवादात तो उपयोगी पडतो.

प्रेक्षकांतून हमखास विचारलं जाईल, ‘आपल्याकडे असं झालं तर?’ उत्तर तयार ठेवा. वंशसंहारविरोधी करार ९ डिसेंबर १९४८ चा, भारताने तो १९५९ मध्ये मंजूर केला. पण देशात त्यासाठी वेगळा कायदा झाला नाही, भारतीय न्याय संहितेतही वंशसंहार हा स्वतंत्र गुन्हा नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या एका प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये ही उणीव स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. हेगच्या फौजदारी न्यायालयाचा भारत सदस्य नाही. इतकं सांगून थांबा आणि चर्चा परत अरुशाला आणा, नाही तर दुपार त्यातच जाते.

कागद कसे वाचायचे

न्यायाधिकरण ३१ डिसेंबर २०१५ ला बंद झालं. त्याचं उरलेलं काम पाहणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर निकालपत्रं फुकट मिळतात, इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये. बुतारेचं मूळ निकालपत्र दीड हजार पानांच्या घरात आहे. ते झेरॉक्सला टाकू नका. चार कागद छापा: करारातली दुसरी, तिसरी आणि चौथी कलमं, न्यायाधिकरणाच्या संविधीचं (ते ज्या कायद्याने चालतं त्याचं) सहावं कलम, २४ जून २०११ च्या निकालाचा न्यायालयानेच काढलेला सारांश आणि १४ डिसेंबर २०१५ च्या अपील निकालाचा सारांश. बाकी मोबाईलवर शोधून वाचता येतं.

इंग्रजीची भीती असते, ती खरी आहे. आमच्याकडे एक युक्ती चालते. दोघादोघांची जोडी करून प्रत्येक जोडीला पाच पानं द्यायची आणि सांगायचं, भाषांतर नको, गावातल्या आजीला सांगाल तसं एका पानात लिहून आणा. ज्याला ‘प्रतिवादीच्या नियंत्रणाखालील घटकांनी’ असं लिहायची सवय असते, त्याला मग ‘तिचं ऐकणाऱ्या पोरांनी’ असं लिहावं लागतं. तिथेच कळतं की ती पोरं तिचं ऐकत होती हे सिद्ध करायचं आहे.

आरोप लिहिणं: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

करारातल्या दुसऱ्या कलमात पाच कृत्यं आहेत: गटातल्या लोकांना मारणं, त्यांना गंभीर शारीरिक वा मानसिक इजा करणं, गट नष्ट व्हावा अशी जगण्याची परिस्थिती मुद्दाम लादणं, जन्म रोखणं, मुलं जबरदस्तीने दुसऱ्या गटात नेणं. गट चारच प्रकारचे: राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय, धार्मिक. राजकीय पक्ष त्यात येत नाही, जातीचा उल्लेख नाही. त्या शेवटच्या मुद्द्यावर मुलं वाद घालतील, घालू द्या. पण या कृत्यांना वंशसंहार बनवतो तो हेतू. तो गट, गट म्हणूनच, पूर्णतः किंवा अंशतः नष्ट करण्याचा हेतू. शंभर खून सिद्ध झाले आणि हा हेतू झाला नाही, तर ते शंभर खून राहतात, कदाचित मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरतात, वंशसंहार नाही.

तिसऱ्या कलमाने कट, थेट आणि जाहीर चिथावणी, प्रयत्न आणि साहाय्य हेही शिक्षापात्र केलं आहे. चौथं कलम सांगतं की राज्यकर्ता असो, अधिकारी असो की साधा माणूस, सुटका नाही. मंत्रिपदाचं कवच इथे संपतं. संविधीच्या सहाव्या कलमातही तेच आहे: पद हा बचाव नाही आणि शिक्षा कमी करण्याचं कारणही नाही.

आता आरोपपत्र. आपल्याकडच्या मुलांची सवय अशी की कलमांची माळ लावायची आणि खाली ‘वगैरे’ टाकायचं. इथे प्रत्येक परिच्छेदाने पाच गोष्टी सांगितल्या पाहिजेत: कोणी, कुठे, कधी, काय, आणि ते कोणत्या कलमाखाली. शेवटची गोष्ट राहिली तर काय होतं याचा धडा याच खटल्यात आहे. बुतारेच्या प्रीफेक्ट कचेरीत आसऱ्याला आलेल्या तुत्सी स्त्रियांवर बलात्कार झाले, हे न्यायालयाने मानलं. ते वंशसंहाराचा भाग होते असंही पुराव्यातून दिसत होतं. पण आरोपपत्रात बलात्कार हे वंशसंहाराच्या कलमाखाली नीट मांडलेलेच नव्हते. बचाव पक्षाला ज्याची रीतसर सूचना नाही त्यावर शिक्षा देता येत नाही, म्हणून त्या कृत्यांसाठी वंशसंहाराचा दोष लागला नाही. मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून बलात्काराचा दोष लागला, कारण तो स्वतंत्रपणे लिहिलेला होता. वर्षानुवर्षं चाललेला खटला, १८९ साक्षीदार, आणि एक बाब लिखाणात निसटली म्हणून हातची गेली.

म्हणून मुलांकडून आरोपपत्र आधी लिहून घ्या आणि मग बचावाच्या मुलांना लाल पेन देऊन ते फोडायला लावा. एका मुलीने लिहिलं होतं, ‘आरोपीने एप्रिल ते जुलै दरम्यान बुतारे प्रदेशात अनेक ठिकाणी अत्याचार घडवून आणले.’ बचावाच्या पोराने शेजारी लिहिलं, ‘अनेक म्हणजे किती? माझी आशील त्या दिवशी कुठे होती हे मी कोणत्या तारखेसाठी सांगू?’ तिने पुन्हा लिहिलं: मेचा मध्य ते जूनचा मध्य, प्रीफेक्ट कचेरीचं आवार, रात्रीची वेळ, पिकअप गाडीतून आलेली आरोपी, तिचा मुलगा, इंटरहाम्वे आणि सैनिक, लोकांना गाडीत चढवण्याचा हुकूम. आता त्यावर वाद घालता येत होता.

अकायेसू खटला याच संदर्भात सांगण्यासारखा आहे. ज्याँ-पॉल अकायेसू हा ताबा नावाच्या कम्यूनचा बर्गमास्टर. २ सप्टेंबर १९९८ रोजी तो वंशसंहारासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी धरलेला पहिला माणूस ठरला. त्याच्या मूळ आरोपपत्रात लैंगिक अत्याचाराचा उल्लेख नव्हता. एका साक्षीदार बाईने साक्षीच्या ओघात आपल्या मुलीवर झालेल्या अत्याचाराबद्दल सांगितलं. पीठावर एकच स्त्री न्यायाधीश होत्या, दरबानमधल्या तमिळ कुटुंबातल्या नवनेतम पिल्ले. न्यायाधीशांनी पुढच्या साक्षीदारांनाही विचारलं, आणि १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. बलात्कार हा वंशसंहाराचं साधन असू शकतो, हे पहिल्यांदा त्या निकालात आलं.

पूल बांधणं: मंत्रिमंडळापासून कचेरीच्या आवारापर्यंत

एक सूट आधी घ्या. १९९४ मध्ये रवांडात तुत्सींचा वंशसंहार झाला, ही सर्वज्ञात गोष्ट आहे आणि ती पुन्हा सिद्ध करायची गरज नाही, असं न्यायाधिकरणाच्या अपील पीठाने जून २००६ मध्ये ठरवलं. तुमच्या खटल्यातही न्यायाधीशांनी सुरुवातीलाच तशी न्यायिक दखल घ्यावी. वेळ वाचतो आणि लक्ष आरोपीकडे जातं.

मग भिंतीवर एक लांब कागद लावा. डाव्या टोकाला ‘मंत्रिमंडळ’, उजव्या टोकाला ‘कचेरीचं आवार’. मधे जे जे जोडतं ते तारखेसह चिकटवत जा.

बुतारेचा प्रीफेक्ट ज्याँ-बाप्टिस्ट हाब्यालिमाना हा त्या वेळी देशातला एकमेव तुत्सी प्रीफेक्ट. इतरत्र कत्तली सुरू असताना त्याने बुतारे बऱ्यापैकी शांत ठेवलं होतं. १७ एप्रिलला हंगामी सरकारने त्याला पदावरून काढलं. १९ एप्रिलला नवा प्रीफेक्ट सिल्व्हँ न्साबिमाना याचा शपथविधी झाला. तिथे हंगामी राष्ट्राध्यक्ष सिंदिकुब्वाबो यांनी भाषण केलं, आणि त्यानंतर बुतारेत मोठ्या कत्तली सुरू झाल्या. न्यिरामासुहुको त्या मंत्रिमंडळात होत्या आणि बुतारे हा त्यांचा स्वतःचा भाग. शिवाय त्यांची १९९४ ची दैनंदिनी पुराव्यात आली. मंत्रिमंडळाच्या बैठकांच्या नोंदी आरोपीच्याच अक्षरात असणं ही अभियोग पक्षाला क्वचित मिळणारी गोष्ट आहे.

इथे मुलं म्हणतात, झालं, सिद्ध झालं. त्यांना लगेच मुगेन्झी आणि मुगिरानेझा यांचा निकाल वाचायला द्या. हे दोघं त्याच मंत्रिमंडळातले मंत्री. प्रीफेक्टला काढण्याचा तोच निर्णय, शपथविधीचा तोच कार्यक्रम. खालच्या पीठाने २०११ मध्ये त्यांना कट आणि चिथावणीसाठी ३० वर्षांची शिक्षा दिली. ४ फेब्रुवारी २०१३ ला अपील पीठाने ती रद्द करून दोघांना सोडलं. कारण असं की प्रीफेक्टला काढण्यामागे त्यांचा हेतू तुत्सींना मारण्याचाच होता, हा त्या पुराव्यातून निघणारा एकमेव वाजवी निष्कर्ष नव्हता. राजकीय कारणंही असू शकत होती. परिस्थितिजन्य पुराव्याची ही कसोटी आपल्याकडेही आहे, मुलांनी ती साक्षीपुराव्याच्या तासाला पाठ केलेली असते. इथे ती दोन माणसांना तुरुंगातून बाहेर काढताना दिसते.

न्यिरामासुहुको यांच्यावरचा कटाचा दोष मात्र अपिलातही टिकला. फरक शोधायला मुलांना एक अख्खी संध्याकाळ द्या आणि उत्तर आयतं सांगू नका. माझं वाचन असं: त्यांच्या बाबतीत मंत्रिमंडळाच्या निर्णयापाशी पूल संपत नाही. पुढे बुतारेतल्या कचेरीत त्या स्वतः दिसतात, माणसं गाडीत चढवायला सांगताना दिसतात. मंत्रिमंडळातल्या निर्णयाचा अर्थ काय होता, हे त्यांच्या नंतरच्या वागण्यावरून वाचता येतं. मुगेन्झींच्या बाबतीत उजवं टोक रिकामं होतं.

एक दुवा फार नाजूक आहे. महिला विकास मंत्र्याच्या हाताखाली इंटरहाम्वे येत नव्हते. कोणत्याही शासन निर्णयात तसं लिहिलेलं नव्हतं. मग बलात्कार त्यांनी केले तर जबाबदार मंत्री कशा? संविधीचं सहावं कलम तीन गोष्टी मागतं: आरोपीचं त्या लोकांवर प्रत्यक्ष नियंत्रण होतं, तिला ते कळलं होतं किंवा कळायला हवं होतं, आणि तरी तिने रोखलं नाही किंवा शिक्षा केली नाही. नियंत्रण कागदावरून नाही, हुकूम दिला आणि तो पाळला गेला यावरून सिद्ध झालं. बलात्काराच्या आरोपात त्या दोषी ठरल्या त्या अशा वरिष्ठ म्हणून. आमच्याकडच्या मुलांना हे चटकन समजतं. गावात कोणाच्या शब्दावर माणसं उठतात आणि कोणाचं नाव नुसतं पाटीवर असतं, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

साक्षीदार आणि दुभाषी

अरुशाला साक्षीदार टोपणनावाने, दोन-तीन अक्षरांच्या खुणेने बोलावले जात: टीए, क्यूजे असे. चेहरा झाकलेला, पडद्याआड. तुमच्याकडेही तेच करा. भूमिका करणाऱ्या मुलामुलींना रवांडाची नावं देऊ नका, अक्षरं द्या.

लैंगिक अत्याचाराची साक्ष अभिनय करून दाखवायची नाही, यात तडजोड नाही. ती लेखी जबाब म्हणून निबंधकाने सपाट आवाजात वाचावी. झाडीपट्टीच्या मुलुखात प्रत्येकाच्या अंगात नट असतो, माइक हातात आला की रडणं सुरू होतं. वाचलेल्या जबाबावर उलटतपासणी ठिकाण, वेळ, उजेड, अंतर, गाडी यांवरच होईल असं आधीच बांधून घ्या. न्यायाधिकरणाचे नियमही याच दिशेचे होते: अशा साक्षीला दुजोऱ्याची सक्ती नाही आणि पीडितेच्या आधीच्या लैंगिक आयुष्याबद्दल पुरावा चालत नाही. नियम होते तरी घडायचं ते घडलं. याच खटल्यात २००१ मध्ये एका बलात्कारपीडित साक्षीदाराची उलटतपासणी लांबत गेली आणि न्यायाधीश हसले. न्यायाधीशांचं हसू वकिलाच्या प्रश्नांवर होतं असा खुलासा झाला, पण रवांडातल्या पीडितांच्या संघटनांनी न्यायाधिकरणाशी सहकार्य थांबवलं. तुमच्या न्यायाधीशांना हे आदल्या दिवशी सांगून ठेवा.

दुभाषी मात्र जिवंत ठेवा, खोटा नको. अरुशाला साक्ष किन्यारवांडा भाषेत, तिथून फ्रेंचमध्ये, फ्रेंचमधून इंग्रजीत जात असे. आपल्याकडे याची सोय आयती आहे. धानोरा-कोरचीकडचा गोंडी बोलणारा विद्यार्थी साक्षीदार करा, दुसरा दुभाषी, आणि वकिलाला गोंडी अजिबात येत नसेल असं पाहा. आमच्या एका बैठकीत वकिलाने विचारलं, ‘गाडी किती अंतरावर होती?’ साक्षीदार मिनिटभर बोलला, हाताने दाखवलं, मधे थांबून पुन्हा बोलला. दुभाष्याने सांगितलं, ‘जवळ.’ वकील खाली बसला. न्यायाधीश झालेल्या बाईंनी त्याला परत उभं केलं आणि म्हणाल्या, ‘साहेब, तो जे बोलला ते सगळं मागा. हात कुठवर दाखवला तेही नोंदीत घ्या.’ मग निघालं की अंतर झाडांनी सांगितलं होतं, दोन झाडांपलीकडे गाडी आणि मधे भिंत. ‘जवळ’ राहिलं असतं तर ओळख पटवण्याचा सगळा पुरावा लंगडा पडला असता.

गाडीवरूनच चांगली उलटतपासणी होते. साक्षीदारांनी वरून काहीतरी फासून मूळ रंग लपवलेल्या पिकअपबद्दल सांगितलं होतं. रात्र, घाबरलेली माणसं, आणि जबाब घटनेनंतर कित्येक वर्षांनी. किरकोळ विसंगती कोणती आणि गाभ्यालाच धक्का देणारी कोणती, हे दोन्ही बाजूंनी मांडायला लावा.

बचाव

सगळ्यात हुशार विद्यार्थी बचावाला द्या. आरोपीबद्दल सभागृहात कोणालाच सहानुभूती नसते, तेव्हा कच्चा बचाव दिला की तो नुसता सोपस्कार होतो. बचावाच्या हातात बरंच आहे: मुगेन्झी निकाल, आरोपपत्रातल्या संदिग्धता, ओळख पटवण्यातला अंधार, सहा आरोपींचा एकत्र खटला. शिक्षणमंत्री आंद्रे र्‍वामाकुबा २००६ मध्ये पूर्ण निर्दोष सुटले, हेही त्यांना माहीत असू द्या. अभियोग पक्षाने आरोपीच्या बाजूचा पुरावा स्वतःहून द्यायचा असतो. तुमच्या खटल्यात असा एक कागद मुद्दाम ठेवा आणि तो अभियोगाची मुलं वेळेत देतात का, ते पाहा.

जाहीर चिथावणीच्या आरोपातून न्यिरामासुहुको सुटल्या, हे फार कमी जणांच्या लक्षात असतं. बचावाच्या मुलांनी तो भाग वाचला असेल तर एक आरोप ते जिंकतील.

निकाल आणि पुढे

न्यायाधीश तीन असावेत. तालुका न्यायालयातले वकील बोलवा, पण एक तरी कायद्याबाहेरचा माणूस घ्या, निवृत्त शिक्षिका वगैरे. सेवेतल्या न्यायाधीशांना अडचणीत टाकू नका. निकाल तोंडी नको, प्रत्येक आरोपावर वेगळा, कारणांसह, लेखी. मुदत एक रात्र.

शिक्षेवर बोलताना कमाल जन्मठेप हे लक्षात ठेवा. खालच्या पीठाने न्यिरामासुहुको आणि त्यांच्या मुलाला तीच दिली. तुलनेला ज्याँ काम्बांदा घ्या, त्याच सरकारचे पंतप्रधान. १ मे १९९८ ला त्यांनी गुन्हे कबूल केले, तरी सप्टेंबरमध्ये जन्मठेपच झाली. कबुलीने शिक्षा कमी व्हावी का, यावर गावातली माणसंही तावातावाने बोलतात, तेव्हा अर्धा तास प्रेक्षकांना द्या.

अपिलासाठी वेगळा दिवस काढू नका, लेखी युक्तिवाद मागवा, आणि मुद्दा एकच द्या: विलंब. न्यिरामासुहुको यांना १८ जुलै १९९७ ला नैरोबीत अटक झाली. खटला १२ जून २००१ ला सुरू झाला, मधेच एक न्यायाधीश बदलले, निकाल २०११ ला आणि अपील २०१५ ला. अठरा वर्षं. वाजवी वेळेत न्याय मिळण्याचा हक्क मोडला गेला, असं अपील पीठाने मानलं आणि माय-लेकाची जन्मठेप ४७ वर्षांवर आणली. दोष बहुतांशी कायम राहिले. तारखांवर तारखा पाहिलेल्या आपल्या मुलांना हा मुद्दा दोन्हीकडून लढता येतो: इतक्या मोठ्या गुन्ह्यात विलंबाची सूट द्यावी का, आणि द्यावी तर किती.

अपिलाची नोटीस निकालापासून ३० दिवसांत, न्यायाधिकरणाच्या नियमाप्रमाणेच. लेखी युक्तिवाद दहा पानांच्या वर घेऊ नका, मराठीत चालतील. भिंतीवरचा तो लांब कागद गुंडाळून वाचनालयात ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना तो कोराच हवा असतो, पण बचावाची मुलं आधी तोच मागतात.